ज्याच्या हातात दांडा, त्याला आधी विचारा

कुटुंबाच्या पानावर मोटारीच्या गिअर बॉक्सचे काय काम, असा प्रश्न काही वाचक भगिनींना पडेल. पण आपल्या वस्त्यांमध्ये जरा डोकावून पाहा. कुणाचा नवरा टॅक्सीवर आहे, कुणाचा भाऊ एखाद्या शेठच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, कुणाचा मुलगा गॅरेजमध्ये पाना धरायला शिकतो आहे. गाडी मोडली की पहिले बोट याच माणसांकडे वळते. गाडी का मोडली हे मात्र फार थोडे लोक विचारतात. म्हणून आमच्या धंद्यातला एक अनुभव आणि त्यासोबत थोडी कामाची माहिती येथे मांडत आहोत.

आम्ही दोघे भाऊ मुंबईत गाड्यांचे काम करतो. वडील फिटर होते. त्यांच्या हाताखाली आम्ही पद्मिनी टॅक्सीच्या गिअर बॉक्सवर लहानाचे मोठे झालो. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ती गाडी आम्हाला घरच्या माणसासारखी ठाऊक होती. चार गिअर पुढचे, एक मागचा. आवाजावरून आजार ओळखावा आणि रात्रीच्या आत गाडी पुन्हा रस्त्यावर सोडावी, कारण टॅक्सी उभी राहिली तर टॅक्सीवाल्याची चूल उभी राहते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. पण त्याच्या बऱ्याच आधी आमच्याकडे दुसऱ्या प्रकारच्या जुन्या गाड्या येऊ लागल्या होत्या. त्या म्हणजे शौकिनांच्या जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कार.

स्पोर्ट्स कार म्हणजे बहुधा दोनच माणसांची, बुटकी, कापडी छपराची गाडी. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली ही त्यातली नावाजलेली नावे. ज्यांच्याकडे त्या आहेत ते लोक रविवारी सकाळी त्या बाहेर काढतात, पुसतात आणि झाकून ठेवतात. गाडी शौकाची असली, तरी तिच्याखाली पाठीवर पडून काम करणारा हात कामगाराचाच असतो. अशा गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांत गिअर बॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. आमची सगळी गोष्ट या पेटीची आहे.

ही पेटी कशासाठी, ते आधी सांगतो. गाडी उभी असताना ती हलवायला जोर लागतो, म्हणून पहिला गिअर. वेग वाढला की दुसरा, तिसरा, चौथा. चौथ्या गिअरमध्ये इंजिन एक फेरा फिरले की मागे जाणारा दांडाही एकच फेरा फिरतो. जुन्या गाड्यांत त्यापुढे गिअर नसे. इंग्लंडमध्ये १९५८ च्या डिसेंबरात प्रेस्टन गावाबाहेर पहिला मोटारवे खुला झाला आणि १९५९ मध्ये एम-वन हा मोठा रस्ता आला. मैलोगणती न थांबता वेगाने जायचे म्हटल्यावर चार गिअरच्या गाडीचे इंजिन सारखे ओरडत राही, पेट्रोल पिई आणि तापे. त्यावर उपाय असा की, इंजिन हळू फिरावे पण चाकांचा वेग तोच राहावा. एडगर डी नॉर्मनव्हिल नावाच्या इंजिनिअरने ही युक्ती बसवली आणि शेफील्डच्या लेकॉक कारखान्याने ती पेटी तयार केली. हा कारखाना मोटारवेच्या आधीपासूनच ती बनवत होता. पुढे ती अनेक इंग्रजी गाड्यांत बसली.

१९६६ सालच्या एमजीबी गाडीचे उदाहरण घ्या. चौथ्या गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरने जाताना तिचे इंजिन मिनिटाला सुमारे २८०० फेरे फिरते. ओव्हरड्राइव्हचे बटण दाबले की वेग तोच, पण फेरे उतरतात २२५० च्या आसपास. इंजिनाची दमछाक कमी होते आणि चालवणाऱ्याच्या कानालाही विश्रांती मिळते. आजच्या साध्या गाडीतला पाचवा गिअर बहुधा हेच काम करतो. तेव्हा ते काम वेगळ्या पेटीकडे होते, एवढाच फरक.

आता पेटीच्या आत डोकावू. मधोमध दात्यांचे एक चाक असते, त्याला सूर्यचाक म्हणतात. त्याच्याभोवती तीन लहान चाके फिरतात, ते ग्रह. आणि या सगळ्यांना वेढून आतल्या बाजूने दाते असलेले मोठे कडे असते. इंजिनकडून येणारा दांडा ग्रहांच्या चौकटीला फिरवतो. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा बाहेरच्या कड्याला जोडलेला असतो. सूर्यचाकाला शंकूच्या आकाराचा एक क्लच असतो. एरवी स्प्रिंगा त्याला कड्यावर दाबून ठेवतात, त्यामुळे सूर्य, ग्रह आणि कडे एकजीव होऊन फिरतात. बटण दाबले की विजेवर चालणारा सोलेनॉइड एक झडप उघडतो. दाबाखालचे ऑइल त्या शंकूला पुढे ढकलते आणि तो एका स्थिर कड्यावर जाऊन घट्ट बसतो. सूर्यचाक थांबते. आता ग्रह त्याच्याभोवती चालत जातात आणि बाहेरच्या कड्याला स्वतःपेक्षा जास्त वेगाने ढकलतात. आतला दांडा चार फेरे फिरला की मागचा दांडा जवळजवळ पाच फेरे फिरतो.

या पेटीत आणखी एक भाग आहे आणि पुढच्या गोष्टीचे सगळे मर्म त्यात आहे. तो म्हणजे रोलरचा एकेरी क्लच. सायकलचे फ्रीव्हील सगळ्यांना माहीत आहे. पायडल मारले की चाक ओढले जाते, पायडल थांबवले तरी चाक पुढे पळू शकते. हा क्लच अगदी तसाच. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना मागचा दांडा पुढच्यापेक्षा जोरात पळतो आणि फ्रीव्हील त्याला पळू देते. पण ओव्हरड्राइव्ह लागलेला असतानाच कुणी रिव्हर्स टाकला, तर सगळे उलटे फिरू लागते आणि फ्रीव्हील नेमके पकडते. एक वाट म्हणते सारखे फिरा, दुसरी वाट म्हणते एकाने जास्त फिरा. लोखंडाला दोन मालकांचे हुकूम एकदम पाळता येत नाहीत. काहीतरी फुटते. म्हणूनच गिअर बॉक्सवर एक स्विच बसवलेला असतो. ठरावीक वरच्या गिअरशिवाय तो ओव्हरड्राइव्हला वीज जाऊच देत नाही.

काही वर्षांपूर्वी अशीच एक एमजीबी टोचन करून आमच्याकडे आली. ती चालवणारे ड्रायव्हर साठीच्या घरातले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. लोणावळ्याहून परतल्यावर इमारतीच्या आवारात गाडी मागे घेताना खाली मोठा आवाज झाला आणि गाडी जागीच अडली. शेठचे म्हणणे सरळ होते: म्हाताऱ्याने गिअर बॉक्स फोडला. सुटे भाग इंग्लंडहून मागवायचे, त्यांचा खर्च मोठा. तो मामांच्या पगारातून दर महिन्याला कापायचे ठरले आणि पहिल्या महिन्याचे पैसे कापलेही गेले.

दोन दिवसांनी मामी आमच्या घरी आल्या. रडल्या नाहीत, कुणाला दोष दिला नाही. घरच्या बायकांसोबत चहा घेतला आणि आम्हाला एवढेच म्हणाल्या, "भाऊ, तुमचे मामा तीस वर्षं गाडी चालवतात. चूक असेल तर आम्ही भरू. पण चूक आहे का, ते तरी उघडून बघून सांगा."

हे मागणे रास्त होते. उघडून पाहणे मात्र सोपे नव्हते. या गाडीत ओव्हरड्राइव्ह एकटा बाहेर येत नाही. इंजिन आणि गिअर बॉक्स दोन्ही एकत्र वर उचलून काढावे लागतात. ते काम करण्याआधी आम्ही मामांना बोलावले आणि विचारले, "मामा, मोडायच्या आधी गाडी कशी वागत होती?"

मामा म्हणाले, "दोन महिने झाले, पहिल्यात जड उठत होती. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. कधी कधी बरी व्हायची, कधी पुन्हा तेच. बटण बंद केलं तरी इंजिनचा आवाज बदलत नव्हता. शेठना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, जुनी गाडी आहे, चालायचंच."

आमच्या धंद्यात डॉक्टरांसारखी यंत्रे नसतात, रोग्याचे बोलणे असते. मामांच्या या चार वाक्यांत सगळा रोग होता. बटण बंद करूनही आवाज बदलत नाही, याचा अर्थ ओव्हरड्राइव्ह सुटतच नव्हता. तो लागलेलाच राहिला तर पहिल्या गिअरमध्येही चाके जास्त फिरवण्याची सक्ती होते, म्हणून गाडी जड उठते. मामांनी ओव्हरड्राइव्हचे पुस्तक कधी पाहिले नव्हते. पण त्यांच्या पायाला आणि कानाला जे कळले, ते पुस्तकाशी तंतोतंत जुळत होते.

पुस्तकही आम्ही काढले. धाकट्याची मुलगी तेव्हा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स करत होती. तिचे इंग्रजी आमच्यापेक्षा बरे. तिने दोषांचा तक्ता मोठ्याने वाचला. ओव्हरड्राइव्ह सुटत नसेल तर कारणे कोणती: विजेचा पुरवठा बंद होत नाही, सोलेनॉइडची दांडी अडकली आहे, शंकू कड्याला चिकटला आहे, किंवा झडपेतले बारीक भोक बुजले आहे. आम्ही एकेक कारण तपासत गेलो. विजेचा स्विच ठीक होता. सोलेनॉइड मोकळा होता. मग झडप काढली. ही झडप म्हणजे पोकळ सळईसारखा छोटा तुकडा. तिच्या अंगाला सुईच्या टोकाएवढे भोक असते. बटण बंद केल्यावर दाबाचे ऑइल त्या भोकातून निघून जाते आणि मगच शंकू मागे येतो. झडपेतून फुंकून पाहिले, तर हवा जाईना. भोक काळ्या चिकट मळाने बंद होते. तळाचे बूच उघडले तर त्यामागची जाळीही गाळाने भरलेली, आणि ऑइलला जाड गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास. आधी कुठल्यातरी गॅरेजात ते ओतले गेले होते आणि नंतर कित्येक वर्षे कुणी बदललेच नव्हते. रोलरची चौकट फुटलेली आणि कड्याला तडा गेलेला.

शेठना आम्ही गॅरेजवर बोलावले. सगळे तुकडे पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडले. झडप त्यांच्या हातात देऊन म्हणालो, "शेठ, तुम्हीच फुंकून बघा." त्यांनी फुंकले. मग बारीक तारेने भोक मोकळे केले, झडप रॉकेलमध्ये धुतली आणि पुन्हा त्यांच्या हातात दिली. या वेळी हवा सरळ गेली. मुलीने त्यांना पुस्तकातली ओळ दाखवली आणि मामांनी दोन महिन्यांपूर्वी काय सांगितले होते त्याची आठवण करून दिली. शेठ बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, "म्हणजे बटण बंद असतानाही आत ते लागलेलंच होतं?" आम्ही म्हटले, "होय. बंद केलेलं बटण पाहून कुणीही रिव्हर्स टाकला असता. तुम्ही टाकला असता तरी हेच झालं असतं."

पुढच्या पगारात कापलेले पैसे मामांना परत मिळाले. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांना गाडीची किंमत माहीत होती, गाडीची चाल माहीत नव्हती. चाल मामांना माहीत होती, पण त्यांचे म्हणणे ऐकायची सवय कुणाला नव्हती. आमच्या मते गाड्या मोडण्याचे हे फार मोठे कारण आहे. यंत्र आपले दुखणे आधी त्यालाच सांगते ज्याचा हात त्याच्यावर असतो. त्या माणसाचा शब्द हलका मानला की यंत्राचाही शब्द वाया जातो.

आता ज्यांच्या हातात अशी जुनी गाडी असेल, त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी. ओव्हरड्राइव्ह वरच्या गिअरसाठी असतो. त्या काळच्या एमजीबीत तो तिसऱ्या आणि चौथ्यात लागतो. गाडी निवांत वेगाला आली की अॅक्सिलरेटरवर पाय स्थिर ठेवून बटण दाबावे. क्लच दाबायची गरज नसते. चढावर, घाटात किंवा गाडी कण्हत असताना तो लावू नये, इंजिनवर उगाच भार येतो. काढताना वेग पाहावा. तिसऱ्या गिअरमध्ये जोरात पळत असताना एकदम काढला तर इंजिनाचे फेरे झपकन वाढतात. काढताना पाय थोडा अॅक्सिलरेटरवर ठेवला तर झटका बसत नाही.

गाडी उभी करण्याआधी आणि रिव्हर्स टाकण्याआधी बटण बंद आहे ना, ते पाहावे. पण नुसते बटण पाहून थांबू नये. रस्त्यावर असतानाच बटण बंद केल्यावर इंजिनाचा आवाज चढतो का, ते ऐकावे. चढला नाही तर ओव्हरड्राइव्ह सुटलेला नाही असे समजावे आणि काही झाले तरी गाडी मागे घेऊ नये. पुढे तोंड करून निघता येईल अशा जागी उभी करावी आणि मिस्त्रीला बोलवावे. मागून जाणकार माणसे गोळा करून "ढकला, ढकला" करू नये. न्यूट्रलमध्ये हलक्या हाताने मागे रेटूनही गाडी हलत नसेल, तर जोर लावायचा नाही. ती आतून धरलेली असू शकते.

देखभालीत सगळ्यात मोठे औषध म्हणजे स्वच्छ ऑइल. या गाडीत गिअर बॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह यांचे ऑइल एकच असते, सुमारे ३ लिटर. त्यात इंजिनचेच २०डब्ल्यू-५० ऑइल चालते. मागच्या डिफरन्शियलला घालतात ते जाड गिअर ऑइल किंवा घर्षण कमी करणारी बाटलीतली औषधे यात घालू नयेत. शंकूला घट्ट पकड हवी असते, त्याला घसरवणारे ऑइल देऊन कसे चालेल? ऑइल मोजायची पट्टी गाडीच्या आत, गालिचा उचलल्यावर रबरी बुचाखाली सापडते. ती जागा दिसत नसल्याने पुष्कळ लोक ऑइल तपासतच नाहीत. ऑइल बदलताना तळाच्या बुचामागची जाळी रॉकेलने धुवावी. फडक्याचे धागे आत राहू देऊ नयेत, कारण एवढासा धागाही त्या बारीक भोकाला पुरतो. नवे ऑइल घातल्यावर गाडी थोडी चालवून पातळी पुन्हा पाहावी, कारण काही ऑइल मागच्या पेटीत जाऊन बसते.

ओव्हरड्राइव्ह लागतच नसेल, तर लगेच पेटी उघडायला धावू नये. आधी ऑइलची पातळी पाहावी, मग वीज. इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी, चौथा गिअर टाकावा आणि बटण दाबावे. खालून टक असा आवाज आला तर सोलेनॉइड काम करतो आहे. नाही आला तर फ्यूज, तारांची टोके आणि गिअर बॉक्सवरचा स्विच तपासावा. हा सोलेनॉइड ओढताना १५ अँपियरच्या वर वीज घेतो आणि धरून ठेवायला जेमतेम एक-दोन. त्याची दांडी नीट जुळवलेली नसेल तर तो ओढतच राहतो आणि जळतो. जळलेला सोलेनॉइड बदलताना दांडी जुळवली नाही, तर नवाही जळणार हे ठरलेलेच. शंकू चिकटला असेल तर स्थिर कड्यावर चामड्याच्या हातोडीने ठोकून तो सुटतो, पण हे काम जाणत्या हाताचेच.

हे झाले गाडीचे. आता घरच्यांसाठी दोन शब्द. मामांनी दोनदा सांगितले होते, पण तोंडी. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. आपल्या घरातला जो कुणी दुसऱ्याची गाडी, लिफ्ट, पंप किंवा मशीन चालवतो, त्याच्या खिशात एक छोटी वही द्या. यंत्रात काही वेगळे जाणवले की त्याने तारीख घालून एक ओळ लिहावी: आज पहिल्यात जड उठली, मालकांना सांगितले. शक्य असेल तर मालकाची सहीही घ्यावी. लिहिता येत नसेल तर संध्याकाळी घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्यावे. त्या पोरालाही बापाच्या कामाची ओळख होईल.

आणि ज्या मुलामुलींना गाड्यांची आवड आहे, त्यांनी पाना शिकावा तसे पुस्तकही वाचायला शिकावे. इंग्रजी अवघड वाटले तर शब्दकोश जवळ ठेवावा. मामांना ठाऊक होते ते पुस्तकात नव्हते असे नाही, आणि पुस्तकात होते ते मामांना ठाऊक नव्हते असेही नाही. दोन्ही एका फडक्यावर मांडणारे कुणीतरी लागते. ते काम आपल्या घरातल्या मुलांनी करावे. वहीला दहा-वीस रुपये पडतात, एवढा खर्च कोणत्याही घराला झेपेल.